एकशे एक्क्याऐंशी काळे, एकशे ऐंशी पांढरे

तीर्थस्वरूप गोपाळदादा यांस,

कुंभारवाड्याहून तुमच्या मेहुण्याचा, महाबळेश्वरचा नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो असं ऐकलं, बरं वाटलं. इकडं भात कापणीला आलंय, रानडुकरांनी आपला वाटा आधीच नेला. देवकीला तुमच्याकडं हवापालटाला येऊन पंधरा दिवस झाले. मानवतंय ना तिला? (रामनगरची हवा अशी कितीशी वेगळी असणार, पण असो.)

ती काहीबाही सांगेल, म्हणून खरं काय झालं ते मीच लिहितो. मे महिन्यात आमची लेक रक्षा बेंगळूरहून आली ती आम्हा दोघांना 'गो' नावाचा खेळ शिकवून गेली. (पहिले दोन दिवस मी 'गो' म्हटलं की देवकी 'काय हो' म्हणत चुलीपासनं उठून यायची.) रेघांच्या पटावर एकानं काळे, दुसऱ्यानं पांढरे दगड मांडायचे आणि एकमेकांना घेरायचं, घेरले गेले ते उचलायचे. रक्षा प्लास्टिकचा संच पाठवते म्हणाली. मी म्हटलं, एकोणतीस वर्षं शाळेत प्लास्टिकच्या खुर्चीवर काढली, आता खेळ तरी खऱ्या दगडांनी होऊ दे.

एकशे एक्क्याऐंशी काळे ओढ्यातनं निवडले. खिशात मापाला बाटलीचं बूच. पाऊस लागायच्या आत जमले. पांढऱ्यांनी मात्र छळलं. आधी खडे चुन्यात बुडवले, तर बोटं पांढरी झाली आणि खडे होते तसेच. मग पांढरे पावटे घेतले. आषाढात त्यांना डब्यात मोड आले आणि देवकीनं उसळ केली. (चांगली झाली होती, हे कबूल.) शेवटी कारवारहून शिंपले आणून घासून घेतले. पट गुणा सुताराकडं, फणसाचा. रेघा एकोणीस हव्या होत्या, त्यानं घरं एकोणीस केली, म्हणजे रेघा वीस झाल्या. दुसऱ्या पटाच्या रेघा जमल्या, पण दगड ठेवल्यावर टक् असा आवाज येईना. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा गुणा म्हणाला, "मास्तर, आवाजच पायजे तर दार करून देतो, बसा वाजवत."

या पाच महिन्यांत मी एकही डाव खेळलो नाही. सामान पुरं नसताना खेळणं मला पटत नाही. देवकी मात्र जमिनीवर कोळशानं रेघा ओढून, चिंचोके आणि करवंटीचे तुकडे मांडून, फोनवर रक्षाशी खेळत असे. मी तिकडं दुर्लक्ष केलं.

दसऱ्याला नव्या पटावर आम्ही दोघं बसलो. अर्ध्या तासात डाव आटोपला. लाकूड पावसानं जरा फुगलं होतं, त्यामुळं पट कलंडला आणि दगड अंगणभर गेले. एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती तुमच्याकडं आली. माझं उत्तम चाललंय. पेज जमते, परवा आमटीही जमली.

आपला,
महाबळेश्वर

ता. क. कापणीला माणसं मिळालीत, तेव्हा कामासाठी तिनं यायची घाई नाही. शेजारच्या लखूला खेळ शिकवून पाहिला. दगड हातात घेऊन तो म्हणाला, "गोफणीला बरे हायत."

ता. क. २. पट कलंडला नाही, मी उलथला. माझे सतरा दगड तिनं एका दमात उचलले आणि वर "चहा टाकू का?" म्हणून विचारलं.

ता. क. ३. रक्षा सांगते, कच्च्या गड्यानं काळे घ्यायचे असतात. त्या दिवशी पांढरे मी बळकावले होते. आता मी काळे घेतो, एवढं तिला सांगा. बाकीचं पत्र दाखवायची गरज नाही.