चार शेर बियाणं पमीच्या नावे

मी, आकाराम गुंडू सरनाईक, वय वर्षे एक्कावन्न, राहणार शाहूपुरी, कोल्हापूर, धंदा पूर्वी पन्हाळ्याच्या कचेरीबाहेर बसून लोकांचे दस्त लिहिण्याचा आणि हल्ली नुसता जगण्याचा, आज आपखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. छाती मात्र राखेने भरली आहे आणि ओसरीच्या पायरीपुढे चालवत नाही. माझ्यावर कोणी दाब आणलेला नाही. दाब आणायला गल्लीत माणूसच उरलेले नाही.

कलम १. वारस. १९७८ सालच्या मार्गशीर्षात आभाळ काळे झाले ते आजतागायत उघडलेले नाही. कोणी म्हणे लढाई, कोणी म्हणे वरून काही पडले. रेडिओ तिसऱ्या दिवशी बंद झाला आणि खरे काय ते आम्हाला कळलेच नाही. दोन वर्षे काही पिकले नाही. ज्यांना पाय होते ते दक्षिणेकडे गेले, राहिलेले उपासाने आणि तापाने गेले. माझी पत्नी लीला तिसऱ्या वर्षी तापाने वारली. मागे एकच वारस, मुलगी प्रमोदिनी ऊर्फ पमी, वय वर्षे तेरा. कायद्याने ती अज्ञान ठरते. पण कोणती मुळी खाल्ली तर माणूस मरतो आणि कोणती खाल्ली तर फक्त पोट दुखते, हे ती माझ्यापेक्षा चांगले जाणते. सात वर्षांची असल्यापासून तिने स्वतःची सावली पाहिलेली नाही.

कलम २. घर. शाहूपुरीतील दोन खोल्या व मागचे परसू. चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस पिठाची गिरणी होती, पश्चिमेस शालूबाईंचे घर होते, उत्तरेस रस्ता आहे पण त्यावर कोणी नाही, दक्षिणेस लीलाला पुरले ती जागा. हे घर पमीने राखू नये. ज्याला हवे त्याने दारे आणि चौकटी सरपणाला घ्याव्यात. आम्ही चार हिवाळे लोकांचे जुने दस्त जाळून काढले. त्यात निम्मे माझ्याच अक्षरातले होते. एकेक वाचून मग चुलीत घालत असे, पमीला अक्षरे त्यातूनच आली. ‘तबदील’ आणि ‘वहिवाट’ हे शब्द ती ‘आंबा’ लिहायच्या आधी शिकली, याचे मला वाईट वाटते.

कलम ३. हत्यारे. कुदळ, विळा, तांब्याची चरवी, लीलाचा सुईदोरा आणि माझे जोडे पमीने घ्यावेत. जोडे मोठे होतील, पुढे चिंधी कोंबावी. टाक आणि दौत इथेच राहू द्यावी, वाटेत नुसते ओझे होईल.

कलम ४. जुनी भांडणे. माझी सगळी भांडणे माणसांबरोबर मेली, एक सोडून. कुतुबुद्दीन, सायकल दुरुस्तीवाला, मागच्या गल्लीत राहतो. आमचे वैर गटाराच्या पाण्यावरून होते आणि त्यापायी आम्ही नऊ वर्षे बोललो नाही. ते असो. लिहायचे ते वेगळे आहे. पहिल्या हिवाळ्यात तो आजारी चाँदबीला, म्हणजे त्याच्या बायकोला, पाठीवर घेऊन माझ्या दारी आला आणि मूठभर धान्य मागू लागला. मी दार न उघडता आतून सांगितले, घरात दाणा नाही. घरात ज्वारीची दोन पोती होती. चाँदबी आठ दिवसांनी गेली. मी पमीकडे पाहून तसे केले, हे खरे आहे, आणि त्याने माझे पाप कमी होत नाही, हेही खरे आहे. कुतुबुद्दीनला या मृत्युपत्राने काही देता येत नाही, कारण त्याला मी साक्षीदार धरला आहे आणि साक्षीदाराने लाभ घ्यायचा नसतो. द्यायचे ते तेव्हाच द्यायला हवे होते.

कलम ५. बियाणे. पत्र्याच्या डब्यात राख आणि कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेले तांबड्या भाताचे चार शेर बी, माझ्या आईच्या शाहूवाडीकडच्या गावचे. लीलाने उपाशी असताना ते शिजवू दिले नाही. मी एकदा डबा उघडला तेव्हा ती त्यावर बसून राहिली. मीठ घेऊन वर्षातून दोनदा येणारी तानाबाई परवा सांगत होती, “शाहूवाडीच्या अंगाला दुपारी सावली पडती आता. लोकांनी वाफं धरल्यात, पर बी न्हाय. जो बी आणंल त्येला वाफा मिळतोय.” तिने मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधून पाहिले. दहातले चार उगवले. हे बी माझ्या मरणानंतर पमीचे. अट अशी की तिने माझ्याजवळ रडत बसू नये, मला परसात पुरून दुसऱ्याच दिवशी केर्लीवरून पन्हाळ्याच्या पायथ्याने निघावे. गडावर चढू नये, वरचे लोक दगड मारतात.

येथवर लिहून मी कुतुबुद्दीन आणि तानाबाई या दोन्ही साक्षीदारांना बोलावले आणि सगळे वाचून दाखवले. पुढे जे झाले तेही दस्तात येणे जरूर आहे.

चौथे कलम मी ‘दार न उघडता’ इथवर वाचले आणि थांबलो. पमीने कागद घेतला आणि वाचून पुरे केले. कुतुबुद्दीन खाली बघत होता. मग म्हणाला, “म्हाईत हाय मला. दाराच्या फटीतनं ज्वारीचा वास येत हुता की.”

मी हात जोडले.

“त्ये नगं,” तो म्हणाला. “माफ करायचं काम चाँदबीचं हुतं. ती गेली. पुढचं वाच, पोरी.”

पमीने पाचवे कलम वाचले. तानाबाईने मान हलवली. कुतुबुद्दीन मात्र कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे बघू लागला.

“आकाराम, ह्ये तू मेल्यावर लागू व्हनार न्हवं?”

“मृत्युपत्र मेल्यावरच लागू होतं.”

“आन रोहिणीची पेरणी कवा हाय?”

“चार दिवसांनी,” तानाबाई म्हणाली. “मी उद्या निघनार.”

“म्हंजे तू मरूस्तवर पोरीनं हितं बसायचं, आन वाफा दुसऱ्यानं न्यायचा? पंचवीस वर्सं काय लिवत बसलातास रं तू?”

गावोगावच्या म्हाताऱ्यांना मी हेच सांगत आलो: जिवंतपणी द्यायचे असेल तर बक्षीसपत्र करा, मृत्युपत्र नको. पण बाप मरतो, मग पोरीला मिळते, या सवयीने हात चालत गेला. की मीच तिला शेवटपर्यंत जवळ ठेवू पाहत होतो, देव जाणे. हे लिहिताना लाज वाटते.

पमी म्हणाली, “मी जाणार न्हाय. अप्पांना पाणी कोण देणार?”

“मी हाय की,” कुतुबुद्दीन म्हणाला. “माझं गुडघं गेल्यात, मला कुटं जायाचंय?” आणि माझ्याकडे न पाहता पुढे म्हणाला, “ह्येच्यासाटी न्हाय. पोरीच्या पायात खोडा नगं म्हणून.”

सबब वरील कलम ५ मी रद्द करतो. ते चार शेर बी मी आज, जिवंत असताना आणि शुद्धीवर असताना, माझी मुलगी प्रमोदिनी हिला बक्षीस देत आहे. डबा तिच्या हातात दिला. ताबा दिला. आता त्यावर माझा हक्क नाही, आणि तिला थांबवण्याचाही हक्क नाही. वाटेत तिची पालक तानाबाई. कलम ३ मधील जोडेही आजच घालावेत, मला ते आता लागत नाहीत. मला तिची फार सवय आहे. तिने तरी जावे.

ठिकाण: शाहूपुरी, कोल्हापूर. तारीख २१ मे १९८४. दिनदर्शिका मी भिंतीवर कोळशाने ओढत आलो आहे, दोन-चार दिवसांची चूक असू शकेल.

लिहून देणार: आकाराम गुंडू सरनाईक, सही.

साक्षीदार: १. कुतुबुद्दीन, सायकल दुरुस्तीवाला, सही उर्दूत. २. तानाबाई, राहणार मलकापूर, डाव्या हाताचा अंगठा.

बक्षीस घेणार, स्वतःच्या अक्षरात:

मी बी घेतलं. उद्या तानाबाईबरोबर जाते. पहिला भात निघाला की अप्पांना आणून देईन. अप्पांनी तोवर थांबायचं. प्रमोदिनी.

टीप: बक्षीस घेणाऱ्याने देणाऱ्याला अट घालता येत नाही, हे मी तिला समजावून सांगितले. तिने ओळ खोडायला नकार दिला. पंचवीस वर्षांच्या धंद्यात बेकायदा मजकूर मी कधी दस्तात राहू दिला नव्हता. तिच्या ओळीपुढे मी सही केली आहे.