अंजनाबाईंचे मालक, फलाट पाचवर या

६ जुलै १९७८, गुरुवार. रात्री ९.
आजपासून रोजनिशी. हेराने रोजनिशी ठेवू नये म्हणतात, पण ही वाचणार कोण? लपवण्याची जागा : माझी पलटणीतली काळी ट्रंक. (जागा इथे लिहायला नको होती. पुढच्या वेळी ध्यानात ठेवणे.) ट्रंकेवर बसूनच लिहितो आहे. बायकोने, अंजनाने, तिच्यावर विणलेला रुमाल टाकलाय, तो हलवला की ओरडते. बायकांना शोभेचं वेड.

लालासाहेबांच्या सोप्यात टीव्ही आल्यापासून गुरुवारी गुप्तहेराची मालिका बघायला अख्खी आळी जमते. पुण्याहून निघालेलं चित्र निम्मं खंबाटकी घाटातच राहतं, त्यामुळे बराच वेळ मुंग्या. तरी समजलं. मेजरच्या घरातले कागद शत्रूकडे जातायत आणि संशय खुद्द बायकोवर आहे. सगळ्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, सीआयडी, खरंच असं असतं का हो? मी नुसता हसलो. दहा वर्षं नुसत्या हसण्यावर गावात मान टिकवलाय.

१३ जुलै, गुरुवार.
मधेच चित्र गेलं. ती संधी साधून लालासाहेब उठले. सोसायटीचे चेअरमन, त्यामुळे उठले की बोलतातच. यंदा पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणात माझं भाषण, विषय 'गुप्तहेराचे जीवन'. शिवाय माझ्याच पलटणीतला माणूस त्यांनी हुडकून काढलाय. धुळा, मूळचा कवठे महांकाळकडचा, आता कुपवाडला एका कारखान्यावर वॉचमन. तो येऊन माझा पराक्रम सांगणार. सांगताना लालासाहेब गालात हसत होते.

मला फार आनंद झाला. घरी येऊन जेवलो नाही.

१४ जुलै. पहाटे.
एकदा सगळं सरळ लिहून टाकतो. पलटणीत माझं पद लांगरी, म्हणजे स्वयंपाकी, होतं. कागदावर. पण लंगरात येत नाही असा जवान दाखवा. दोनशे माणसांना डाळ वाढणाऱ्याला कोण रजेवर चाललाय, कुणाच्या बायकोचं पत्र आलं नाही, सगळं कळतं. पासष्ट साली पलटण हलणार हे मला आदल्या दिवशीच कळलं, कारण पुऱ्या तिप्पट लाटायचा हुकूम आला. याला इंटेलिजन्स नाही तर काय म्हणायचं? गावात मी खोटं बोललो नाही, फक्त थोडक्यात सांगितलं.

आणि त्यासाठी त्याग किती! दहा वर्षांत घरात साधा चहा केलेला नाही. अंजना माहेरी गेली तेव्हा चार दिवस गूळ-शेंगदाण्यावर काढले, पण फोडणीचा वास घराबाहेर जाऊ दिला नाही.

१७ जुलै.
अंजनाने भाकरी थापता थापता विचारलं, तो धुळा म्हणजे आमच्या माहेरच्या धोंडुबाईचा मालक का? हिला काय करायचंय? मग विचार केला. या गावात लंगराची गोष्ट माहीत असलेलं माणूस एकच. घरचा भेदी लंका जाळी.

२० जुलै, गुरुवार.
मेजरला पुरावा मिळाला. देश की बायको? नेमकं तेव्हाच चित्र गेलं. मी गच्चीवर जाऊन अँटेनाचा पाइप फिरवत राहिलो, खालून लालासाहेब, आणखी डावीकडं, आणखी डावीकडं. उतरलो तोवर भाग संपला होता. शेजारच्या बनुबाई म्हणाल्या, मेजर रडला. बाकीच्यांचं मत, शिंकला. मुद्दा कळला : हेराने निष्ठुर असावं. उद्यापासून सराव.

२१ जुलै.
सकाळी तांबडा कोंबडा स्वतः कापायचं ठरवलं. त्याने मान वाकडी करून बघितलं. पुढे ढकललं. मूठभर ज्वारी टाकली, संशय येऊ नये म्हणून.

२२ जुलै.
अंजनाशी अबोला. निर्धार पक्का. साडेदहाला पंचा सापडेना, म्हणून विचारावं लागलं.

२९ जुलै.
अंजना सोमवारी माहेरी जाणार. भावाचा गुडघा धरलाय म्हणे. भाऊ मागच्या आठवड्यातच इथे येऊन यवतेश्वरचा डोंगर चढून गेला. पाळत ठेवणार.

३१ जुलै, सोमवार.
वेशांतर : घोंगडं, पागोटं, हातात काठी. साताऱ्याहून सांगलीची गाडी. अंजना पुढे तिसऱ्या बाकावर, मी सगळ्यात मागे, तोंड झाकून. कंडक्टर आला तेव्हा मी आवाज बदलून सांगली म्हणालो. तो म्हणाला, पुढच्या बाईंनी दोन तिकिटं काढल्यात, मागं घोंगड्यातले आमचे मालक हायत म्हणाल्या. गाडीभर माणसं वळून बघायला लागली. मी बाहेर ऊस बघितला. कराड येईपर्यंत ऊसच बघितला.

हा शत्रूचा डाव. आपण ओळखलंय असं दाखवायचं, म्हणजे पाठलाग करणारा खचतो. मी खचलो नाही. सांगली स्टँडवर फक्त एक भडंग घेतलं. तेवढ्यात अंजना गायब.

तीन तास स्टँडच्या खांबाआड उभा राहून निरीक्षण केलं. घोंगड्यात उकडत होतं. मग लाउडस्पीकर बोलला. शब्द जसेच्या तसे नोंदवतो : "अंजनाबाईंचे मालक, जिथं लपला असाल तिथनं फलाट पाचवर या. साताऱ्याची गाडी लागलीया."

येताना शेजारी बसून आलो. तिने डब्यातली पोळी दिली.

३ ऑगस्ट, गुरुवार. दुपार.
आज उलटतपासणी. वीस प्रश्न लिहून काढले. पहिला प्रश्न, सोमवारी कुठे होतीस? ती म्हणाली, कुपवाडला, धुळाभावजींकडं. तिच्या खोटेपणाला तोंड द्यायची माझी तयारी होती, खरं बोलेल याची नव्हती. उलटतपासणी तहकूब.

रात्री.
चित्र आज स्वच्छ. मेजरने बायकोला पोलिसांच्या हवाली केलं. मी मोठ्याने शाब्बास म्हणालो. बायकांमध्ये बसलेल्या अंजनाने एकदाच वळून बघितलं. घरी जाताना वाटेत म्हणाली, "एवढा मोठा हेर, आन बायकूला नुस्तं इच्यारायचं सुचलं न्हाई व्हय?"

घरी तिने एक भाकरी जास्त वाढली. खाल्ली. निष्ठुर माणसाने खावी की नाही, हे मालिकेत आलेलं नाही.

१० ऑगस्ट, गुरुवार.
मालिकेचा शेवटचा भाग. लाइट गेली. शेवट गावात कुणालाच माहीत नाही. माझा मात्र मला दिसतोय. पटांगण, दोनशे माणसं, आणि धुळा सांगतोय की हा डाळ वाढायचा. रस्त्यावरून जाता येणार नाही. पोरं मागून पळी वाजवतील.

१४ ऑगस्ट.
पक्की योजना : ताप. काखेत कांदा धरला की ताप चढतो, हे पलटणीतलं खात्रीचं ज्ञान. दोन तास धरला. अंजना आली, कांदा काढून घेतला, धुतला आणि बेसनात चिरला.

१५ ऑगस्ट, मंगळवार. दुपार.
झेंडा झाला. भाषणाला उभा राहिलो. पहिलं वाक्य पाठ होतं, तेच दोनदा म्हणालो आणि बसलो. मग लालासाहेबांनी धुळाला पुढे बोलावलं. धुळा माझ्याकडे बघेना. तो बायकांच्या रांगेकडे बघत होता, पहिल्या ओळीत अंजना. तिला हात जोडून तो म्हणाला की मानसिंगरावांचं, म्हणजे माझं, काम सांगायला मनाई आहे, तोंड उघडलं तर पेन्शन जाईल. एवढंच सांगतो की त्यांच्याशिवाय पलटण एक पाऊल हलली नसती.

टाळ्या थांबेनात. लालासाहेबांचा चेहरा बघण्यासारखा होता. मी हसलो.

संध्याकाळ.
गाडीत बसवायला गेलो तेव्हा धुळाने सगळं सांगितलं. तो पलटणीचा धोबी. कुपवाडला कारखान्यात मात्र त्याने सांगून ठेवलंय की आपण विमानातून छत्री घेऊन उड्या मारायचो. धोंडुबाईने हे माहेरी बोलून दाखवलेलं, तिथून ते अंजनाकडे. त्या सोमवारी कारखान्याच्या फाटकावर अंजना त्याला म्हणाली, "भावजी, पलटणीची कापडं धुता धुता कंच्या इमानातनं पडला हुता, ते आत सायबास्नी इच्यारू का?" सांगताना धुळाला घाम आला होता. म्हणाला, "गड्या, दोन लढाया बघितल्या, पण असं भ्याव वाटलं न्हवतं."

मी इतके दिवस निष्ठुरपणाचा सराव करत होतो. घरात तो आयता होता, हे माझ्या लक्षात आलं नाही. तिच्यावर संशय घेतला याची लाज वाटते. इथे लिहून ठेवतो, कारण तोंडाने जमेल असं वाटत नाही.

१६ ऑगस्ट.
जमलं, निम्मं. अंजना तांदूळ निवडत होती. विचारलं, कशासाठी गेलीस एवढ्या लांब? नवरा लांगरी होता म्हणून तुला कमीपणा वाटत होता का? तिने सूप खाली ठेवलं.

"लाज मला कवाच न्हवती. तुमाला हुती. म्हनून झाकलं."

मग म्हणाली, दहा वर्षं झाकलं, आता हात दुखतात. उद्यापासून रात्रीचं कालवण तुमी करायचं.

१७ ऑगस्ट, गुरुवार. संध्याकाळी ७.
दार-खिडक्या लावून आमटी केली. लसणाची फोडणी. हात काही विसरला नव्हता. तेवढ्यात मागच्या दारावर थाप. बनुबाई, हातात वाटी. म्हणाल्या, सीआयडी भावजी, वास आमच्या चुलीपर्यंत आला, दहा वर्षं वाट बघतोय. मी म्हणालो, गैरसमज होतोय, आत अंजना करतेय. त्या म्हणाल्या, अंजनाक्का आमच्या ओट्यावर बसलीया.

मग सगळं बाहेर आलं. गाव पहिल्या दिवसापासून ओळखून आहे. मी एस.टी.तून उतरलो तेव्हा ट्रंक बनुबाईंच्या मालकांनीच डोक्यावरून आणली होती आणि तेही फौजीच. अंजनाने आठ दिवसांत घरोघर जाऊन सांगितलं की माझ्या मालकाला जो हसेल, त्याच्या घरातलं सगळं मी चावडीवर बोलेन. गावातल्या निम्म्या फौजींची पत्रं त्यांच्या घरच्यांना अंजनाच वाचून दाखवायची. कुणी हसलं नाही. लालासाहेबांचीही स्वतः बोलायची छाती झाली नाही, म्हणून बाहेरचा माणूस आणला.

बनुबाई वाटी भरून घेऊन गेल्या. मी ट्रंकेवरचा विणलेला रुमाल उचलला. खाली पांढऱ्या रंगात माझा नंबर, माझं नाव, आणि शेवटी इंग्रजीत, हाताएवढ्या मोठ्या अक्षरात : कुक. रंग जरासुद्धा उडालेला नाही.

रुमाल धुवायला टाकला. परत घालायचा की नाही, ते अंजनाला विचारणार आहे.

बाहेरून आणखी दोन वाट्या आल्यात. बनुबाईंचा निरोप : मीठ थोडं कमी.