सहा हातांवरची गाठ

अंकुश,

मी कचेरीत जात आहे. परसातल्या गोठ्याचा परवाना अप्पांच्या पेटीत सापडला, तो सोबत नेते. शेजारच्या वीरभद्रप्पाकाकांनी गोठा त्यांच्या भिंतीला खेटल्याची तक्रार केली आहे, म्हणून दुपारी मोजणीला माणूस येईल. तोवर एकही पत्रा काढू नकोस. काल तू म्हणालास, "अप्पाच न्हाईत, आता गोठ्यापायी कामून भांडायचं, अक्का?" रात्रीच मी पेटी उघडली.

परवान्यात उर्दूत लिहिलं आहे की गोठा विहिरीपासून पंधरा आणि शेजाऱ्याच्या भिंतीपासून चार हात दूर हवा. अप्पांना वाचता येत नव्हतं. आई सांगते, "मुन्शी वाचून दाखवायलता, अन् ह्यांनी तितंच दोरीला गाठी मारल्या."

ती दोरी गोठ्याच्या आढ्याला होती. सकाळी लावून पाहिली. विहिरीची गाठ बरोबर गोठ्याच्या खांबावर, मेढीवर आली. भिंतीकडची मेढ मात्र चार नव्हे, सहा हातांवर आहे, आणि दोरीला तिथे नंतर मारलेली वेगळी गाठ आहे. आईला विचारलं. "काकांची भिंत मातीची हाय. आपल्या पत्र्याच्या पागोळ्यांनी खचंल म्हनले हे."

इतकी पुस्तकं वाचली मी, पण ही गाठ आज पहिल्यांदा वाचली.

आई सकाळपासून उपाशी आहे, तिला घेऊन जेव. काका आले तर वाद घालू नकोस. दोरी खुंटीवर आहे. एक टोक त्यांच्या हातात दे आणि त्यांनाच मोजू दे.

अक्का