कंदीलवालीचं सोंग

पुणे, १२ ऑगस्ट २००१

तीर्थरूप हर्षालीताईस,
उमेशचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझ्या आश्रमशाळेचा फोन पावसात मेला तो मेलाच दिसतो, म्हणून पत्र. मी मजेत. मेसची आमटी अजून आमटी झालेली नाही, तेवढं जव्हारला आईला कळवू नकोस.

बातमी अशी की माझ्या खोलीतल्या गौतमला त्याच्या मामाने अमेरिकेहून एक खेळ आणून दिलाय. पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात. आपलं पात्र काय करणार ते ज्याचं त्याने बोलायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. पुस्तकात भुताखेतांचे मुलूखही दिलेत, बर्फ, बुरूज आणि रक्त पिणारे सरदार. वाचून गौतमला घाम फुटला आणि मला हसू. म्हटलं, याच्याहून भयाण मुलूख आमच्या घरी तयार आहे.

ताई, मी त्यांना आपला धुकेगड दिला! मरून शंभर वर्षं झाली तरी गादी न सोडणारा राजा. वेशीबाहेर पडलेला माणूस धुक्यातून चालत चालत पुन्हा गडाच्याच दारात येतो ते. विहिरीत वाकलं की दुसऱ्याचाच चेहरा दिसतो ते. सगळे गार पडले. आता दर रविवारी दुपारी कॅन्टीनमागच्या खोलीत खेळ असतो. गोष्ट मी सांगतो आणि राजाही अर्थात मीच. लोकांना धुक्यातून बाहेर काढणारी कंदीलवाली आमच्या वर्गातली भारती करते. ती जतकडची, धुकं म्हणून तिने कधी पाहिलेलं नाही, पण आवाज असा खाली आणते की अंगावर काटा येतो.

शिरपामाळावर बसून आपण नकाशा काढला होता, ती वही पाठवशील का? बाकी सगळं ठीक. रागावलीस तरी चालेल, पण उत्तर दे.

तुझा,
उमेश

मोखाडा, २६ ऑगस्ट २००१

चि. उमेश यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. इथे भाताची लावणी आत्ता आटोपली, तेव्हा निम्म्या मुली आज शाळेत परतल्या. परवा जव्हारला जाऊन आले. आईचा गुडघा बरा आहे. बाबांनी दारात काकडीचा वेल चढवलाय आणि येईल जाईल त्याला तो दाखवतात.

वही मिळणार नाही. आहे माझ्याकडे, पण मिळणार नाही.

तू नऊ वर्षांचा होतास आणि मला हिवताप आला होता. महिनाभर खाटेवर पडून, खिडकीतलं धुकं बघत तो गड मी रचला. तुला राजा केलं कारण तू त्याशिवाय गप्प बसेनास. पण कंदीलवाली मी होते. तुझी ती भारती आयत्या बिळावर नागोबा होऊन बसली आणि तू वर तिच्या आवाजाचं कौतुक मला लिहितोस! जिने धुकं पाहिलं नाही ती त्यात वाट काय दाखवणार?

इतकी वर्षं बोहाडा बघून तू काय शिकलास रे? मुखवटे घालून नाचतात तेव्हा कोणतं सोंग कोणत्या घराचं, ते ठरलेलं असतं. त्राटिकेचं सोंग देवजीकाकांच्या घरचं. ते अंथरुणाला खिळले त्या वर्षी पंच त्यांच्या दारी विचारायला गेले, मग पुतण्याने मुखवटा घेतला. घरी न विचारता कुणी हात लावला नाही. तू माझं सोंग उचलून परक्या मुलीला दिलंस आणि मागाहून मला बातमी दिलीस.

जळते मी. लिहूनच देते, म्हणजे तुला ओळखत बसायला नको.

तब्येतीस जप. माया आहे, आटलेली नाही, पण सध्या झाकून ठेवली आहे.

तुझी,
ताई

पुणे, ९ सप्टेंबर २००१

तीर्थरूप ताईस,
शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. नागोबाचं वाक्य तेवढं गाळलं. चुकलो खरा. पण खेळ आता अशा जागी अडलाय की तुझ्याशिवाय सुटायचा नाही.

कंदीलवालीने सगळ्यांना वेशीपार केलं आणि शेवटी तीच एकटी गडात राहिली आहे. राजाने दार लावून घेतलंय. तिने आता कसं सुटायचं? ते तू ठरवलं होतंस आणि मला कधीच सांगितलं नाहीस. मी काहीतरी जोडून देणार होतो, पण भारती ऐकेना. ज्यांचं सोंग त्यांनाच विचार म्हणाली. दोन रविवार आम्ही नुसते चहा पितोय.

ताई, एवढं सांग. मग वर्षभर राग धर.

तुझा गुन्हेगार,
उमेश

मोखाडा, १७ सप्टेंबर २००१

चि. उमेश यास आशीर्वाद.

विचारलंस म्हणून सांगते. कंदीलवाली सुटत नाही. तेल संपतं, वात विझते आणि ती गडाच्या खिडकीत कायमची उभी राहते. फासा टाकायचीसुद्धा गरज नाही. मी ठरवला तो नियम हाच.

तुझ्या भारतीला दुसरं काही दे, विहिरीवरची म्हातारी वगैरे. आवाज चांगला आहे ना तिचा!

मुलींची चाचणी सुरू आहे, जास्त लिहीत नाही. जेवत जा.

ताई

पुणे, २४ सप्टेंबर २००१

आदरणीय हर्षालीताई,
सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही, तरी लिहिते. मी भारती.

काल तुमचा नियम उमेशने वाचला. त्याचं तोंड एवढंसं झालं. हे पान बाजूला ठेवू, दुसरं काही करू म्हणाला. मी नको म्हटलं. कंदील खाली ठेवला आणि खिडकीत जाऊन उभी राहिले.

ताई, खरं सांगू का? मला सुटल्यासारखं झालं. मी कंदील उचलला की उमेश म्हणायचा, ताई आधी वात बघायची. मी धावले की म्हणायचा, ताईची कंदीलवाली धावत नसे. लोक वेशीपार झाले तेव्हा मला वाटलं आज तरी शाबासकी मिळेल, तर म्हणाला, ताई असती तर बघायला पाहिजे होतं. त्या खोलीत तुम्ही कधी आला नाहीत आणि तरी मला तिथे बसायला जागा उरली नाही. मला तुमचा इतका हेवा वाटायचा की तुमचं नाव निघालं की मी फासा आपटायचे.

सोंग न विचारता घेतलं, त्याची माफी मागते. ते परत करते आहे. लहान समजून पदरात घ्यावं.

आपली,
भारती

मोखाडा, १ ऑक्टोबर २००१

चि. भारतीस,
मनापासून आशीर्वाद.

तुझं पत्र मी मुलींना जेवण वाढता वाढता उभ्यानेच वाचलं. मंगळीच्या ताटात वरण किती पडलं ते तिलाच ठाऊक.

नियम खोटा होता. उमेशला पत्र लिहिता लिहिता मी तो रागाने बनवला, आणि पाकीट पेटीत टाकल्यावर चांगलं वाटलं. दोन दिवस वाटत होतं. मला वाटे, तू माझी जागा घेतलीस. मी तर तुला तिथे पाय ठेवू दिला नव्हता, आणि तेही इथे बसून! तुझ्या जागी मी असते तर फासा उमेशच्या डोक्यात घातला असता.

खरा नियम सोबतच्या पानावर लिहिला आहे. आजवर तो कुणालाच सांगितला नव्हता. देववत नव्हता, हे लपवत नाही. पण सोंग द्यायचं तर पुरतं द्यावं. उमेशला हे पान दाखवायचं नाही. राजाला कळलं तर कुणीच सुटणार नाही, म्हणून तर त्याला तेव्हाही सांगितलं नव्हतं. आणि धावावंसं वाटलं तर खुशाल धाव.

सुट्टीत जव्हारला ये, तुला धुक्यात उभी करते. येताना त्याला विचारायची गरज नाही.

तुझी,
हर्षालीताई

पुणे, १५ ऑक्टोबर २००१

तीर्थरूप ताईस,
शि. सा. नमस्कार.

काल कंदीलवाली सुटली. कशी, ते मला माहीत नाही. गोष्ट सांगायला गौतम बसला आणि मला त्यांनी व्हरांड्यात उभं केलं, राजाने ऐकायचं नाही म्हणून. आतून कुजबुज ऐकू आली, मग हसणं, आणि मग टाळ्या. दार उघडलं तेव्हा सगळे चहाला निघाले होते. गडात कोणी नाही, मी एकटा.

नियम मी भारतीकडे मागितला, ती देत नाही. तुझं दुसरं पत्र आलंय, तेही दाखवत नाही, वाचते आणि आपलीआपली हसते. सुट्टीत ती आपल्या घरी येणार आहे, हे मला गौतमकडून कळलं! तिला तुझी दोन पत्रं आली ताई, आणि मला महिना झाला, एक ओळ नाही.

काय लिहितेस तिला?

उमेश