अर्थिंगची तार

अकोला, दुकानात, दुपारी

प्रिय वसंता,

मेलेल्या माणसाला पत्र लिहिणारा माणूस शहाणा नसतो, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणून टाकतो. दोन उन्हाळे झाले तुला जाऊन. इतके दिवस एक ओळ नाही आणि आजच काहून लिहून राहिला बे, असं विचारशील. सांगतो. आज सकाळी चांदूर बाजारचे एक ड्रॉइंग मास्तर दुकानात आले होते. ऑर्केस्ट्रात खर्जाची गिटार वाजवतात, तुझ्यासारखी, चार तारांची. उद्या संध्याकाळी त्यांच्या गावात कार्यक्रम आहे. ते आपला अ‍ॅम्प्लिफायर भाड्यानं घेऊन गेले आणि जाताना बाबांनी त्यांना एक सल्ला दिला. तो सल्ला चुकीचा आहे, वसंता. जीव घेणारा आहे. आणि तुझ्या बाबांच्या तोंडी तो माझ्यामुळे आला.

पण आधीपासून सांगू दे. तुला सगळं माहीत आहे, पण मी अजून कुणाजवळ बोललो नाही. कागदावर तरी एकदा येऊ दे.

ती गिटार तू पहिल्यांदा अमरावतीला पाहिलीस, आठवतं? मुंबईचा ऑर्केस्ट्रा आला होता. सगळे लोक गाणारीकडे पाहत होते आणि तू मात्र मागच्या रांगेतल्या त्या टकल्या माणसाकडे. माझा दंड इतका दाबलास की वळ उठला. "मध्या, हा आवाज कानात नाही येत बे, पोटात येते!" परत येताना गाडीत एकच धोशा. आपन बनवू, आपन बनवू. मी म्हटलं, "बयताडा, बुलबुलतरंग धड वाजत नाही तुले." तू तीन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. मग परतवाड्याहून सागवानाची फळी खांद्यावर घेऊन दुकानात हजर!

काय काय उद्योग केले रे आपण! मिलिटरीच्या भंगारातले हेडफोन फोडून लोहचुंबक काढले. जळालेल्या ट्रान्स्फॉर्मरची बारीक तार उलगडली आणि तुझ्या मायच्या शिलाई मशीनवर, बॉबिन भरायच्या चाकावर, चुंबकाभोवती गुंडाळली. तार तुटायची, तू शिव्या द्यायचास, पुन्हा पहिल्यापासून. माय ओरडायची, "माही मशीन हाय का कारखाना हाय रे पोट्टेहो?" पण तिनंच शेवटी पायडल मारलं. आपल्या दोघांचाही पाय जोरात पडायचा, तिचा पाय कसा सारखा चालायचा.

तारा मुंबईहून पार्सलनं आल्या. पण आवाज कुठून काढायचा? आपल्याकडे सगळे भोंगे. लग्नाला, सभेला भोंगा ठीक आहे, लांबपर्यंत ओरडतो. खर्ज त्यातून निघत नाही, नुसती फरफर. म्हणून मी बारा इंची स्पीकर बंद खोक्यात बसवला. खोकंच थरथरायला लागलं, तर त्यात कापूस भरला. कापूस आणला बाबांनी, जिनिंगमधून, धोतराच्या सोग्यात. फिटर माणूस, आयुष्यात फॅक्टरीतला एक खिळा घरी नेला नव्हता, आणि पोराच्या गिटारीसाठी मालकाला विचारून कापूस मागितला! पहिला सूर वाजवलास तेव्हा फळीवरच्या ताटल्या वाजल्या. माय म्हणाली, "अरे बापा, धरती हालली!" बाबा नुसते हसत उभे होते.

बाबांचा एकच हट्ट होता. नागपूरहून दीक्षा घेऊन पांढऱ्या कपड्यांत परत आले, त्याच वर्षी त्यांनी आपल्या वस्तीतल्या विहाराचं वायरिंग स्वतःच्या हातानं केलं. तेव्हापासून आपल्या दोघांना शिकवत आले, "पयले तार जमिनीत, मंग बटन." अ‍ॅम्प्लिफायरच्या लोखंडी पेटीपासून एक तार काढायची आणि लोखंडी सळई जमिनीत ठोकून तिला बांधायची. आत काही बिघडलं, पेटीत वीज उतरली, तर ती जमिनीत जाते, माणसात नाही. ही झाली अर्थिंग. आणि उन्हाळ्यात दुसरा नियम. "आपली जमीन काळी हाय. उनाची फाटते. भेगेत मनगट जाते. सळई वरून गच्च दिसते, पन आत हवेत उभी राह्यते. दोन बादल्या पानी टाकल्याबिगर बटन दाबाचं नाही."

दोन बादल्या. इतकंच!

तेल्हाऱ्याचं ते लग्न वैशाखातलं. दुपारचे चार, मांडवात चिटपाखरू नाही, आपण दोघंच टेस्टिंग करत होतो. गाणाऱ्यांच्या माईकचा अ‍ॅम्प्लिफायर मी विहिरीच्या पाइपाला बांधला. तिथली जमीन ओली, अर्थिंग पक्की. तुझ्या गिटारीचा मांडवाच्या या टोकाला, त्याला वेगळी सळई ठोकली. सळई भेगेत अशी गेली की हातोडीची गरजच पडली नाही. तेव्हाच समजायला हवं होतं. गिटार लावली आणि खोक्यातून खरखर सुरू झाली. सळई हलली की खरखर. मी पाणी मागायला गेलो. आचाऱ्यानं हाकललं. म्हणे, "स्वयपाकाले पानी नाही आन् तू जमिनीले पाजाले निघाला!" खारपाणपट्टा, प्यायचं पाणी बैलगाडीनं आणलेलं. पण वसंता, विहिरीचं खारं पाणी होतं ना तिथं! खाऱ्या पाण्यानं तर अर्थिंग आणखी चांगली होते. शंभर पावलं चालून दोन बादल्या ओढायच्या होत्या. मी कंटाळलो. खरं कारण हेच. ऊन होतं, रात्रीचं जागरण होतं, मी कंटाळलो.

आणि तूही घाई केलीस. "मध्या, थे खरखर बंद कर ना बे, लोक हासतीन." मी सळईची तार सोडून टाकली. खरखर थांबली. तू अंगठा वर केलास आणि मलाही बरं वाटलं.

मग तू गिटार गळ्यात तशीच ठेवून माईकजवळ गेलास. डावा हात गिटारीच्या तारांवर. उजव्या हातानं माईक धरलास, "हॅलो" म्हणायला. तुझ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीत वीज उतरली होती, ती तारांमध्ये आली होती, आणि जमिनीत जायची तिची वाट मी तोडली होती. मग ती तुझ्या एका हातातून आली आणि दुसऱ्या हातानं, माईकमधून, विहिरीच्या पाइपात गेली. तुझा हात सुटेना. तू माझ्याकडे पाहत होतास, वसंता. मोठ्यानं ओरडलाही नाहीस, तोंडच उघडत नव्हतं. मी बटनाकडे पळालो. बटन लांब, मांडवापलीकडच्या जिनिंगच्या शेडमध्ये होतं, तिथूनच वीज घेतली होती.

लोक धावत आले. तुला बाजेवर घातलं. आणि त्या गर्दीत, सगळे तुझ्याभोवती असताना, मी काय केलं सांगू? मी ती तार परत सळईला बांधली. माझे हात आपोआप चालले. पीळ चांगला दोनदा दिला.

लाइनमन आला, त्यानं पाहिलं. तार जागेवर. वरूनच करंट जास्त आला असेल, म्हणाला आणि गेला. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजींची वंदना झाल्यावर बाबांनी मला बाजूला घेतलं. "मधू, खरं सांग. अर्थिंग होती ना?"

मी म्हटलं, "होती."

एवढाच एक शब्द. त्यात मी अडकलो तो अजून अडकलेलाच आहे.

तुला वाटेल पोलीस, कोर्ट, लोकांची बोटं. काहीच झालं नाही रे! झालं असतं तर बरं. झालं ते उलटं. बाबा रिटायर झाले आणि दुकानात येऊन बसायला लागले. म्हणाले, "तू हाय म्हून वसंताचं दुकान हाय." भुसावळहून रेल्वेच्या नोकरीचा कागद आला होता मला, इलेक्ट्रिक विभागाचा. आठवडाभर खिशात घेऊन फिरलो. एक दिवस मायला दाखवला. तिनं वाचला नाही, नुसता हातात धरला. म्हणाली, "जाशीन का मंग तू बी?" मी कागद फाडला. तेव्हापासून रोज दुपारी तिचा डबा येतो. भाकरी, ठेचा, बेसन. तुझा पितळी डबा आहे, झाकणावर तुझं नाव आहे. सांग, ती भाकरी घशाखाली कशी उतरते? उतरते, हेच वाईट आहे. भूक लागते आणि मी खातो.

माझ्या लग्नाचं काढलं माझ्या भावानं. मी नाही म्हटलं. घरात कुणी आलं तर ती विचारेल, रात्री झोपेत काय ओरडता म्हणून. दुकानातून निघून जावंसं वाटतं, आणि निघालो तर बाबा एकटे बसतील. खरं सांगावंसं वाटतं, आणि सांगितलं तर त्यांचा दुसराही पोरगा जाईल. ते मला पोरगाच म्हणतात, वसंता. गिऱ्हाईकांसमोर म्हणतात.

आणि तुझ्यावर राग येतो! खरंच येतो. इतकी कसली घाई होती रे तुला हॅलो म्हणायची? गिटार उतरवून ठेवली असतीस तर? मग लगेच माझीच लाज वाटते.

हे असंच चाललं असतं जन्मभर. मी कुढत बसलो असतो, त्यानं कुणाचं बिघडत नव्हतं. पण बाबांचा शब्द या भागात किती चालतो, तुला माहीत आहे. मांडववाले, बँडवाले, भोंगेवाले, सगळे त्यांना विचारतात. आणि वर्षभरापासून ते त्यांना काय सांगतात, ते मी याच स्टुलावर बसून ऐकतो. आज मास्तरांनी विचारलं, "बाबा, अर्थिंगसाठी सळई कुठं ठोकू? गावातली जमीन फार भेगाळली आहे." बाबा म्हणाले, "कायले त्रास घेता, मास्तर? अर्थिंग-बिर्थिंग काही कामाची नाही. माह्या वसंताची अर्थिंग पक्की होती, या मधूनं स्वतः बांधली होती. तरी गेला ना पोरगा! रबरी चप्पल घाला, झालं."

ज्या माणसानं आपल्याला "पयले तार जमिनीत" शिकवलं, तो माणूस हे बोलत होता! मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातलं सोल्डरिंग आयर्न पुसत राहिलो. मास्तर साधे आहेत, चाळिशीचे, बोटांना रंग लागलेला. हसून म्हणाले, "बाबा सांगतात म्हणजे बरोबरच." आणि अ‍ॅम्प्लिफायर रिक्षात ठेवून निघून गेले. मी थांबवलं नाही. त्यांच्या पाठीकडे पाहत राहिलो. आता उद्या ते एका हातात गिटार धरून दुसरा हात माईकला लावतील.

म्हणून हे पत्र. तुला सगळं लिहिलं की पाय उचलेल असं वाटलं होतं. पण अजून स्टुलावरच बसलोय. चांदूर बाजारची एस.टी. पाचला आहे. तीन वाजून गेले.

थांब, बाबा आले.

वसंता, बाबा समोर बसले आहेत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आता त्यांच्या, तरी माझा चेहरा कसा दिसला कोण जाणे. "काहून रडून राह्यला बे?" म्हणाले. मी कागद जवळ ओढला. "कोनाले लिहून राह्यला?"

खोटं सांगणार होतो. भावाला, म्हणणार होतो. पण तोंडातून निघालं, "वसंताले."

रस्त्यावरून जाणाऱ्या बैलबंडीचा आवाज येत होता. मग त्यांनी स्टूल पुढं ओढलं, काठी भिंतीला लावली आणि म्हणाले, "वाचून दाखव. मले दिसत नाही, पन आयकू येते."

मी म्हटलं, "शेवटची ओळ राह्यली, बाबा. तेवढी लिहू द्या."

"लिही," म्हणाले. "बसलो हो मी."

तर ही ती ओळ आहे. मी हे पत्र पहिल्या शब्दापासून वाचणार आहे. "मी कंटाळलो" तिथं आवाज बसला तर पुन्हा वाचीन. एकही शब्द गाळणार नाही. त्यानंतर ते मला इथं राहू देतील की काठीनं हाकलतील, मला माहीत नाही. मायचा डबा उद्या येईल की नाही, तेही माहीत नाही. काहीही झालं तरी पाचच्या एस.टी.त मी असेन, आणि मास्तरांच्या पेटीची तार माझ्या हातानं जमिनीत बांधल्याशिवाय बटन दाबू देणार नाही. हे तुला वचन देतो.

बाबा वाट पाहून राहिले.

ज्यानं तार सोडली तो, तुझाच,
मध्या