डॅशबोर्ड अजून उघडाच आहे

बसवनगुडी, बेंगळूर
सोमवार, ९ डिसेंबर २०२४

प्रिय वासुदेव,

पत्र लिहायला उशीर झाला, माफ कर. पंधरा दिवसांचा उशीर असता तर काहीतरी कारण सांगितलं असतं, पाठ धरली होती म्हणून, मोतीबिंदू काढला म्हणून. छत्तीस वर्षांना पुरेल असं कारण माझ्याजवळ नाही. अक्षरावरून ओळखलं नसशील. मी जयसिंग, आप्पाजींच्या गॅरेजात गाड्यांची कुशनं शिवणारा, तुझ्या शेजारच्या बाकावर चौदा वर्षं बसलेला. तू जे. पी. नगरात मुलाकडे राहतोस हे मला दोन वर्षांपासून ठाऊक आहे. आमच्या हिला, अंबुबाईला, चिकपेटच्या बाजारात वहिनी भेटल्या होत्या, पत्ता त्यांनीच दिला. इथून मेट्रोची चार स्टेशनं. अंबुबाई रोज म्हणते, जाऊन तरी या, नाहीतर फोन करा. पण दारात आल्यावर तू आत निघून गेलास तर मी त्या पायऱ्या परत कसा उतरणार? फोनवर आवाज ओळखून ठेवून दिलास तर? पत्र बरं, तू वाचतोस की फाडतोस ते मला दिसणार नाही. पाकिटात हाताला काहीतरी टणक लागलं असेल. ते रेक्झिनच्या तुकड्यात शिवून घातलंय, पोस्टात दाब पडून पाकीट फुटू नये म्हणून. ते आत्ताच उसवू नकोस. आधी सगळं वाच.

फत्तेसिंग साहेबांची ती लाल गाडी सध्या आमच्या अंगणात उभी आहे. दोन सीटची, विलायती, कापडी टपाची. हो, तीच. जिच्यापायी तू गॅरेज सोडलंस आणि पुन्हा कधी कुणाच्या रेडिएटरला हात लावला नाहीस. साहेब आणि मॅडम दोघंही जाऊन बरीच वर्षं झाली. गाडी त्यांच्या शेडमध्ये कोंबड्यांची झाली होती. त्यांच्या सुनेने आमच्या भूमिकाला सांगितलं, नेतेस तर ने, जागा मोकळी होईल. भूमिका म्हणजे माझी नात, अभिमन्यूची मुलगी. सोमवार ते शुक्रवार ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसते आणि शनिवार-रविवार गाडीखाली झोपते. लहानपणी मी तिला सांगायचो, बेंगळुरातली सगळ्यात ऐटबाज गाडी तुझ्या अज्जाने शिवली आहे. तेवढ्यासाठी तिने ती आणली. त्या गोष्टीत तुझं नाव मी कधी घेतलं नव्हतं.

वासू, त्या मुलीचं काम तू बघायला हवं होतंस. हीटर दुरुस्त करायचा तर आधी अख्खा डॅशबोर्ड काढावा लागतो, तुला माहीत आहेच. आपण कसं करायचो? स्क्रू काढला की तोंडात धरायचा, तोंड भरलं की खिशात, आणि बसवताना दोन उरले की कंपनीनेच जास्त दिले म्हणायचं. ही तशी नाही. आधी बॅटरीची तार सोडली. ठिणगी उडेल म्हणून मी वाळूची बादली घेऊन उभा होतो, हसली नाही, बादली जवळच ठेवा म्हणाली. स्टिअरिंगवर खडूने खूण केली, मग ते काढलं. दोन्ही सीटा उचलल्या. मीटरमागच्या प्रत्येक तारेला कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव, आणि वर मोबाइलमध्ये फोटो. टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, त्यावर डॅशबोर्डचं चित्र काढलं, आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात टोचून ठेवला. म्हणजे परत बसवताना चूक होणारच नाही. मी आयुष्यभर गॅरेजात राहिलो, सातवीपर्यंत का होईना शाळेत गेलो, पण हे मला कधी सुचलं नाही. नट ठेवायला तिने अंबुबाईचं इडलीपात्र पळवलं. अंबुबाई दारात येऊन म्हणते, आज नाश्त्याला नट आहेत, चटणी खोबऱ्याची करू की ग्रीसची?

आणि मी दर पाच मिनिटांनी विचारत होतो, पुढची काच खाली येईल का गं, मीटरची तार तुटेल का, अशी वाकलीस तर पाठ धरेल. शेवटी तिने माझ्या हातात टॉर्च दिली. म्हणाली, अज्जा, तुम्ही काळजी करा, पण उजेड हलवू नका.

कोपऱ्यावरच्या गॅरेजातला प्राणेश बघायला आला होता. म्हणाला, बेंगळुरात हीटर कशाला हवा मॅडम, दोन पाइप एकमेकांना जोडून टाका, विषय संपला. भूमिका म्हणाली, पाइप जोडलेलेच आहेत, प्राणेश अण्णा. कुणीतरी विषय आधीच संपवलाय, मला तो उघडायचाय. पावसात काच आतून धुरकट होते, हीटरचा गरम वारा लागला तरच साफ होते, मग गाडीत दिलंय ते चालायला नको का? तो बिचारा सरी, सरी म्हणत मान डोलावून गेला. माझ्या हातातला उजेड मात्र हलला. ते पाइप कुणी आणि कधी जोडले ते मला माहीत होतं.

अठ्ठ्याऐंशीचा डिसेंबर. साहेबांना दोन कामं हवी होती. उन्हाने तडकलेल्या डॅशबोर्डवर नवं काळं रेक्झिन, ते माझं. आणि डॅशबोर्डमागे बसणारा हीटरचा तो पितळी डबा, शाळेच्या पाटीएवढा, त्याची गळती बंद करणं, ते तुझं. तू दीड दिवस घालवलास. ॲसिडने घासलंस, कथील वितळवून झाळण भरलंस, टबात बुडवून सायकलच्या पंपाने हवा मारलीस आणि सगळ्या गॅरेजला बोलावलंस. बघा रे, एक बुडबुडा दाखवा, मिशी काढतो! केवढी मिशी होती तुझी. कुणालाही बुडबुडा दिसला नाही. मग डबा जागेवर गेला आणि वरून मी डॅशबोर्ड बसवला. साहेब आणि मॅडम कपडे करून फाटकात उभे होते, मडिकेरीला निघायचं म्हणून.

चौथ्या दिवशी गाडी दोरखंडाने ओढून आणली. घाटात मॅडमच्या पायांवर उकळतं पाणी उडालं होतं. आप्पाजींनी सगळ्यांसमोर विचारलं, झाळण कुणाचं? तू टबाकडे बघत राहिलास. डॅशबोर्ड पुन्हा उघडायला दोन दिवस लागले असते आणि साहेब गाडी आपल्याकडे एक तासही ठेवायला तयार नव्हते. आप्पाजींनी बॉनेटखाली पाइप जोडून हीटर बंद केला आणि गाडी घालवली. आत काय झालं ते कुणी पाहिलंच नाही. आणि मी म्हणालो, झाळण सुटलं असेल. तीन शब्द. दुसऱ्या दिवशी तू तुझं सामान न्यायला आलास तेव्हा ओठावर मिशी नव्हती.

आता अंगणातल्या त्या शनिवारचं सांगतो. डॅशबोर्ड निघाला, आम्ही तिघांनी धरून पलंगावर ठेवला. भूमिकाने तो पुठ्ठा उलटा केला. बावीस स्क्रूंची टोकं मागून सारखी आली होती, एक सोडून. डाव्या सीटसमोरचा एक स्क्रू नखभर जास्त बाहेर आला होता. ती म्हणाली, अज्जा, हा या गाडीचा नाही. कुणी घातला असेल? मी पाहताक्षणी ओळखला, वासू. सीटच्या लाकडी फळीला मारायचा तो, माझ्या डब्यातला. मी म्हणालो, काय माहीत बाई, किती जणांचे हात लागले असतील गाडीला.

आठ दिवस मी नीट जेवलो नाही. पित्त झालंय असं घरात सांगितलं. पुढच्या शनिवारी तिने डबा बाहेर काढला, न्हाणीघरातल्या टबात बुडवला आणि हवा मारली. तिला तू कोण ते माहीत नाही, तुझा पंप माहीत नाही, पण तिने अगदी तसंच केलं. बुडबुडे आले. एकाच जागेवरून, डब्याच्या पाठीत एक गोल भोक होतं तिथून. ती ओल्या हातानेच पुठ्ठ्यातला तो स्क्रू घेऊन आली आणि भोकात धरला. टोक नेमकं बसलं. तुझ्या झाळणातून एकसुद्धा बुडबुडा नाही. तिने डबा पुसून उन्हात धरला. झाळण कडेकडेने गेलं होतं, एकही टाका न चुकलेल्या शिवणीसारखं, आणि अजून चकाकत होतं. मी शिवलेलं रेक्झिन तीन ठिकाणी उसवलंय. ती त्यावरून बोट फिरवत म्हणाली, हे कुणाचं काम आहे अज्जा? आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपात असं कुणालाच येत नव्हतं. आहेत का ते? मला शिकवतील का?

स्क्रूबद्दल विचारलं तेव्हा मी खोटं बोललो होतो. पण कुणी इतक्या कौतुकाने तुझं नाव विचारल्यावर खोटं बोलणं जमेना. म्हणालो, वासुदेव मिस्त्री. आणि एक नाव बाहेर आल्यावर बाकीचं थांबलं नाही. साहेब फाटकात घाई करत होते, तोंडात धरलेला एक आखूड स्क्रू निसटून खाली पडला, दिसेना, मी माझ्या डब्यातला लांब घेतला. शेवटी तो जरासा अडकला. काहीतरी आहे हे हाताला कळलं होतं. मी आणखी अर्धा फेरा दिला. आप्पाजी ओरडत होते तेव्हा तो अर्धा फेरा माझ्या मनगटाला आठवला होता, वासू. अभिमन्यू तेव्हा सहा वर्षांचा होता, मला नोकरीची भीती वाटली, सगळ्यांसमोर मान खाली जाईल याची त्याहून जास्त वाटली. मी तो फेरा गिळला आणि तीन शब्द बोललो.

 अंबुबाई चुलीपाशी उभी होती, ती म्हणाली, छत्तीस वर्षं पोटात स्क्रू घेऊन जेवलात, आणि म्हणता पित्त झालं. भूमिकाने हात पुसले, स्क्रू माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, हा पुठ्ठ्यात नको अज्जा. ज्यांनी याचा आळ सोसला त्यांना द्या. ते बघून जाईपर्यंत मी गाडी बंद करणार नाही.

म्हणून हे पत्र. आता रेक्झिन उसव. तो स्क्रू तुझ्या घरात ठेव, वहिनींना दाखव, मुलाला दाखव, आणि मॅडमच्या पायावरचं पाणी तुझ्या हातून गेलं नव्हतं हे त्यांना माझ्या नावानिशी सांग. मी क्षमा मागतो, पण ती दिलीस तरच ये असं नाही. शिव्या द्यायला ये. डॅशबोर्ड अजून उघडाच आहे, डबा ओट्यावर आहे, बावीसातली एक जागा रिकामी आहे. प्राणेश म्हणतो डबा भंगारात टाका, भूमिका ऐकत नाही. तिला ते भोक बुजवून हवंय, आणि तुझ्याशिवाय कुणाला हात लावू देणार नाही म्हणते. हात थरथरत असेल तर नुसतं सांग, ती करेल, टॉर्च मी धरीन, उजेड हलवणार नाही. अंबुबाई सांगत होती, वहिनी म्हणाल्या तू अजून मिशी ठेवत नाहीस. आता ठेव. तो बुडबुडा तुझा नव्हता. सोबत माझा पत्ता लिहिलेलं कार्ड घातलंय. येतो की येत नाही, एवढंच लिही. येत नाही लिहिलंस तरी चालेल, पण लवकर लिही, रोज अकरा वाजता मी फाटकात पोस्टमनची वाट बघतो.

तुझाच,
जयसिंग