ल्युबेन काकांच्या घरातली घुरघुर

द्रेनोव दोल,
शुक्रवार, मिरच्या भाजायचे दिवस

प्रिय ल्युबेन काका,

सप्रेम नमस्कार. ताईकडे राहायला गेल्यापासून गुडघा कसा आहे? बुर्गासची समुद्राची हवा त्याला मानवते असं ताई लिहिते, आणि अजिबात मानवत नाही असं तुम्ही फोनवर सांगता. दोन्हीतलं खरं काय ते कळवा. रक्तदाबाची गोळी जेवणानंतर घ्यायची असते, जेवणाऐवजी नाही. इकडे सगळे बरे आहेत. गावभर मिरच्यांचा धूर आहे आणि हे पत्र लिहितानाही माझ्या डोळ्यांतून पाणी येतंय (कारण धूर, दुसरं काही नाही).

तुम्ही सांगितलंत की स्तोयांका काकू गेल्यापासून त्या दोन सिंथेसायझरकडे बघवत नाही, खालच्या गावचा बँडवाला क्रास्यो गुरुवारी येईल, त्याला देऊन टाक. मी एवढंच म्हटलं होतं की जाण्याआधी त्यांचे आवाज लॅपटॉपवर उतरवून घेते. ‘घे बाई, पण आटप लवकर,’ असं तुम्ही म्हणालात. त्याप्रमाणे मंगळवारी सकाळी माझा ऑडिओ इंटरफेस घेऊन तुमच्या घरी गेले. एका बाजूने वाद्याची केबल घेऊन दुसऱ्या बाजूने लॅपटॉपला आवाज पोचवणारी ती छोटी पेटी. (तिला तुम्ही साबणदाणी म्हणालात, हे मी विसरलेले नाही.)

काकूने विणलेली झाकणं काढली. मोठ्या वाद्याच्या शेवटच्या दोन पट्ट्यांमध्ये कुठल्याशा लग्नातला सूर्यफुलाच्या बियांच्या टरफलांचा साठा सापडला, तो काढला. केबल लावली, पट्टी दाबली. काही नाही. केबल बदलली, इंटरफेसचं बटण चढवलं, लॅपटॉपवरच्या सेटिंग तपासल्या, तरीही काही नाही. मी विजेची इंजिनिअर आहे, पण तासभर मी त्या वाद्याशी जे बोलले ते कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत. शेवटी कळलं की केबल उजव्या छिद्रात होती आणि ते छिद्र आतून तुटलेलं आहे. डाव्यात घातल्यावर इतक्या जोरात आवाज आला की खिडकीतलं मांजर थेट द्राक्षांच्या मांडवावर गेलं. आवाज कमी करायला गेले, तर त्याची कळ हलेना. ती लाल नेलपॉलिशने चिकटवलेली आहे! (लग्नात तुम्ही वाजवत असताना पाहुणे येऊन कळ वर सरकवायचे म्हणून काकूने चिकटवली, हे मला नंतर त्सोना मावशीने सांगितलं. तुम्ही आधी सांगितलं असतंत तर मांजर अजून माझ्याशी बोलत असतं.)

आवाज आला, आणि त्याच्याबरोबर घुरघुर आली. पट्टीला हात न लावताही स्पीकरमधून एक जाड, खालचा सूर, थांबायचं नाव नाही. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. वाद्याचा प्लग खोलीच्या भिंतीत, लॅपटॉपच्या चार्जरचा स्वयंपाकघरात, आणि या दोन भिंतींचं अर्थिंग तुम्ही आणि बाबांनी वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या मूडमध्ये केलेलं. दोन्हीकडून आलेली वीज केबलमध्ये भेटते आणि भांडते. चार्जर काढला की शांतता, लावला की घुरघुर. मी तो काढायला हात पुढे केला, एवढ्यात दार उघडलं.

त्सोना मावशी आणि राडका मावशी. काकूबरोबर चाळीस वर्षं गायलेल्या दोघी, हातात मिरच्या, अंगाला धुराचा वास. ‘ल्युबेन आला?’ त्सोना मावशीने विचारलं. मी नाही म्हटलं. ‘मग घर का गुणगुणतंय?’

मी अर्थिंग समजावलं. दोघींनी अत्यंत आदराने ऐकून घेतलं आणि एक अक्षरही मनावर घेतलं नाही. राडका मावशी खुर्ची ओढून बसली, डोळे मिटले, आणि त्या घुरघुरीवर तिने वरचा सूर लावला. त्सोना मावशीने त्याला चिकटून दुसरा, अगदी घासून, आपल्याकडे लावतात तसा, की बाहेरच्या माणसाला वाटावं दोघींपैकी एक चुकतेय. खालचा सूर धरायचं काम नेहमी काकूचं असायचं. ते आता तुमची भिंत करत होती.

मी नियमाप्रमाणे वागले, काका. सदोष आवाज रेकॉर्ड करायचा नसतो. चार्जर काढला. दोघी गाता गाता अधांतरी राहिल्या.

‘कुणी सांगितलं तुला तिला घालवायला?’ त्सोना मावशी म्हणाली.

‘मावशी, तो बिघाड आहे.’

‘बिघाड तुझ्या डोक्यात आहे. लाव परत!’

लावला. कॉलेजात ज्या गोष्टीसाठी नापास करतात, ती मी हाताने, जाणूनबुजून केली आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. मग वाटलं, खाली सिंथेसायझरही धरावा. धरला, तर काहीच जुळेना. घुरघुर एकीकडे, वाद्य केसभर खाली, आणि राडका मावशीचा चेहरा आंबट. तेव्हा आठवलं, सकाळी वाद्याच्या मागची सूर जुळवायची खुंटी मला मध्यापासून थोडी सरकलेली दिसली होती आणि मी ती नीट मध्यावर आणून ठेवली होती. ती परत सरकवली. हळूच, होती तिथे.

काका, सगळं बसलं! भिंत, वाद्य, दोन्ही मावश्या, एकाच जागी. मी मोजून बघितलं, दोनदा. भिंतीतल्या विजेचा सूर ‘सोल’ या स्वराच्या जरासा वर आहे, आणि तुमचं वाद्य बरोबर तेवढंच वर लावलेलं होतं. म्हणजे एवढी वर्षं तुम्ही घराची घुरघुर काढली नाहीत, वाद्य तिला जुळवून घेतलंत, आणि काकू रोज त्यावर गायली. हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. मी ओरडले बहुतेक. राडका मावशी म्हणते नक्की ओरडले, आणि मांडवावरून मांजर पुन्हा पळालं.

आवाज सगळे नीट उतरले आहेत. तब्येतीला जपा, ताईला आणि मुलांना माझी आठवण सांगा.

तुमची पुतणी,
झोर्नित्सा

ता. क. गुरुवारी क्रास्यो येऊन गेला. वाद्यं घुरघुरतात का, असं त्याने विचारलं. मी खोटं बोलले नाही. चार्जर लावून ऐकवलं. तो रिकाम्या हाताने गेला.

ता. क. २. मावश्यांची एक तक्रार आहे. कडवं संपताना खालचा सूर एक पायरी उतरायला हवा, आणि वीज उतरत नाही. तो वाद्यावर कुणाला तरी उतरवावा लागतो. कधी, ते मला कळत नाही. मी प्रत्येक वेळी उशीर करते आणि शिव्या खाते. त्या म्हणतात, ते दोघांनाच कळायचं. दुसरे तुम्ही. पुढच्या शनिवारी बुर्गासहून सकाळची बस आहे. मी थांब्यावर असेन.

ता. क. ३. मागची खुंटी आता पुन्हा कुणी मध्यावर आणू नये म्हणून तिच्यावर लाल ठिपका दिलाय. काकूच्या बाटलीत थोडं उरलं होतं.